पंचेचाळीस इंचांचं बॉनेट : मोठ्या एसयूव्हीसोबत २६ दिवस

मी शाळेचे गणवेश शिवते, अठरा वर्षं झाली. मुलांची मापं मला तोंडपाठ आहेत. तीन वर्षांचं मूल साधारण ३७ इंच, सहा वर्षांचं ४५ ते ४६, दहा वर्षांचं ५४. हे आधीच सांगते, कारण गाडीबद्दल पुढे जे लिहिलंय ते सगळं याच आकड्यांना धरून आहे.

गाडी माझी नाही, धाकट्या दिरांची आहे. कामासाठी ते महिनाभर बाहेरगावी गेले आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "वहिनी, नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल. चालवत जा. तुमचे गठ्ठेही एका खेपेत पोचतील." आम्ही दोघं नवराबायकोही नवी गाडी बघतच होतो. तेव्हा ही महिनाभर वापरून बघायची आणि आवडली तर अशीच घ्यायची, असं घरात ठरलं होतं. गाडीचं नाव लिहीत नाही. मला जे खटकलं ते या उंचीच्या, पुढून सपाट नाकाच्या बहुतेक गाड्यांत सापडेल. नाव लिहिलं तर वाचणारा म्हणेल, ठीक आहे, ही नको, दुसऱ्या कंपनीची तेवढीच मोठी घेऊ.

चांगलं जे आहे ते खरंच चांगलं आहे. माझ्या छोट्या हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडूनही बावीस गठ्ठे बसतात, यात चाळीस बसले आणि वर शिलाई मशीनही राहिलं. सीट उंच, त्यामुळे चढउतार करताना माझ्या गुडघ्याला जो त्रास होतो तो जवळजवळ नव्हता. खड्ड्यांतून गाडी अलगद जाते. आत आवाज येत नाही. मागचा कॅमेरा स्वच्छ आहे, रात्रीसुद्धा. सासूबाईंना मागच्या सीटवर झोप लागली, आणि माझ्या गाडीत त्या कधी डोळा मिटत नाहीत. पहिले दोन दिवस मी सगळ्यांना सांगत होते की गाडी असावी तर अशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठे भरले, सीटवर बसले, दोन्ही आरसे पाहिले, मागचा कॅमेरा पाहिला, समोर पाहिलं. समोर रस्ता रिकामा होता. गाडी सुरू करून गिअर टाकला आणि दुकानाच्या दारातून आमच्याकडे काज-बटणाचं काम करणाऱ्या मावशी दोन्ही हात वर करून ओरडत धावत आल्या. माझा पाय अजून ब्रेकवरच होता, तो तिथेच राहिला. खाली उतरून पुढे गेले तर माप द्यायला आलेली एक मुलगी बॉनेटच्या पुढे उकिडवी बसून चपलेचा पट्टा लावत होती. तिची आई आत पावती घेत होती. मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पट्ट्याकडे वळली. तिला काही कळलंच नव्हतं.

सेन्सर वाजत नव्हता असं नाही. वाजत होता. पण तो सकाळपासून भिंतीसाठी वाजत होता, कुंडीसाठी वाजत होता, शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरसाठी वाजत होता. दोन दिवसांत माझ्या कानांनी तो आवाज सोडून दिला होता. ही माझी चूक आहे आणि मी ती मान्य करते. पण सगळ्याला एकाच सुरात वाजणारी घंटा माणूस किती दिवस ऐकेल, हेही गाडी बनवणाऱ्यांनी बघायला हवं.

त्या दिवशी मी गठ्ठे रिक्षाने पाठवले. संध्याकाळी दुकान बंद करून टेप, खडू आणि आमचा लहान मुलांचा पुतळा बाहेर काढला. कपडे दाखवायला ठेवतो तो, डोक्यापर्यंत बरोबर ३६ इंच. म्हणजे तीन वर्षांच्या मुलापेक्षा जरासा ठेंगणा. दिरांची गाडी आणि माझी हॅचबॅक शेजारीशेजारी भिंतीला नाक लावून उभ्या केल्या आणि बॉनेटची पुढची कड जिथे येते तिथे भिंतीवर खडूने रेघा मारल्या.

हॅचबॅकची रेघ २८ इंचांवर आली. एसयूव्हीची ४५ इंचांवर.

मी ६१ इंच उंच आहे. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. खालची रेघ मांडीच्या वरच्या भागात, खुब्याच्या खाली येत होती. वरची रेघ छातीवर, काखेच्या किंचित खाली. मग मापांच्या वहीत बघितलं. ४५ इंच म्हणजे पहिलीतल्या मुलाची पूर्ण उंची. पहिलीतलं मूल या गाडीपुढे ताठ उभं राहिलं तर त्याचं डोकं आणि बॉनेटची कड एका रेषेत येणार.

मग पुतळा. मी सीट जितकी वर येते तितकी वर घेतली. बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून ६१ इंचांवर होते आणि डोळ्यांपासून बॉनेटच्या टोकापर्यंत ८३ इंच. मावशी पुतळा बंपरला टेकवून हळूहळू मागे नेत होत्या आणि मी दिसला की हाक मारणार होते. बंपरपासून ४७ इंच लांब गेल्यावर पुतळ्याच्या डोक्याचा वरचा भाग दिसायला लागला. चार फुटांना एक इंच कमी. त्याच्या आत तो कुठेही ठेवला तरी मला नुसता रस्ता दिसत होता. जमिनीवरची खडूची रेघ तर साडेएकोणीस फुटांपर्यंत दिसली नाही. माझ्या हॅचबॅकमध्ये हाच पुतळा बंपरला चिकटून ठेवला तरी डोकं आणि मान दिसत होती, आणि जमीन पावणेआठ फुटांवर दिसायला लागली. मी बुटकी आहे, उंच माणसाला यापेक्षा थोडं जास्त दिसेल. पण गाडी विकताना कोणी चालवणाऱ्याची उंची विचारत नाही.

आणि उकिडवं बसलेलं मूल दोन फुटांचंही नसतं. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर ती मुलगी का नव्हती, ते तेव्हा कळलं.

त्या रात्री मी वाचायला बसले. अमेरिकेत इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी नावाची संस्था आहे. विमा कंपन्यांच्या पैशावर चालते, गाड्यांच्या चाचण्या घेते. तिने पादचाऱ्यांना एकाच वाहनाची धडक बसली अशा सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास करून नोव्हेंबर २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. बॉनेटची कड ४० इंचांपेक्षा उंच असेल तर धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून बुटक्या आणि उतरत्या नाकाच्या गाडीच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. त्यांनी नेमकी ४० आणि ३० ही इंचांचीच मापं घेतली होती. माझ्या भिंतीवरची एक रेघ तिसाच्या खाली होती आणि दुसरी चाळिसाच्या वर. २०२४ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या विद्यापीठातला एक अभ्यासही तेच सांगतो. गाडीचं नाक १० सेंटीमीटरने उंच झालं की पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता २२ टक्क्यांनी वाढते. दहा सेंटीमीटर म्हणजे चार इंच. पँटच्या दुमडीत मी तेवढं कापड सोडते.

कारण समजून घ्यायला फार शिकायला लागत नाही. उभ्या माणसाचा तोल बेंबीच्या आसपास असतो. धक्का त्याच्या खाली बसला तर पाय मागे जातात आणि अंग बॉनेटवर कलतं. पाय मोडतो, खुबा मोडतो, डोकंही आपटू शकतं, पण बॉनेटचा पत्रा दबतो आणि थोडा मार खातो. धक्का बेंबीच्या वर, छातीत बसला तर अंग कलायला जागाच नसते. माणूस पुढे फेकला जातो, रस्त्यावर पडतो, आणि गाडी अजून थांबलेली नसते. मुलाच्या बाबतीत तर त्या उंच कडेचा पहिला मार छातीला आणि डोक्यालाच असतो.

माझा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "आई, वजनाचं काय? ती चोवीसशे किलो आहे, आपली नऊशे." त्यानेच कागदावर गणित मांडलं. सत्तर किलोच्या माणसाला ताशी ४० किलोमीटरने धडक बसली आणि तो गाडीबरोबर ढकलला गेला असं धरलं, तर छोट्या गाडीपुढे त्याचा वेग एका क्षणात ३७ होतो, मोठीपुढे ३९. दोनच किलोमीटरचा फरक. म्हणजे पायी चालणाऱ्यापुढे दोन्ही गाड्या डोंगरच आहेत. वजनाचा फटका समोरच्या छोट्या गाडीतल्या माणसांना जास्त बसतो. चालणाऱ्याचा जीव वेगावर, नाकाच्या उंचीवर आणि नाकाच्या आकारावर ठरतो. मला हे आधी माहीत नव्हतं. मी वजनालाच घाबरत होते.

त्यात पुढे लोखंडी गार्ड बसवायची हौस. दिरांनी बसवलेलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बॉनेटचा पत्रा दबतो, तेवढीच त्याची दया. जाड लोखंडी नळी दबत नाही.

दुसरा प्रसंग अकराव्या दिवशीचा. उजवीकडे वळत होते, वेग अगदी कमी. समोरच्या काचेच्या कडेला छताला धरणारा जो खांब असतो तो या गाडीत माझ्या पंजाएवढा रुंद आहे. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून तो जाड ठेवतात. आतल्या माणसांसाठी ते बरोबर आहे. पण वळताना गाडी आणि रस्ता ओलांडणारा माणूस एकाच दिशेने सरकत असतात, आणि तो माणूस खांबाच्या मागे राहूनच पुढे येत राहतो. सायकल हातात धरून चाललेले एक आजोबा असेच आले. खांबाच्या मागून बाहेर पडले तेव्हा माझ्यापासून दीड-दोन हातांवर होते. ब्रेक लागला. ते काही बोलले नाहीत, फक्त बॉनेटवर हात टेकवून क्षणभर उभे राहिले आणि मग गेले. मला अजून त्यांचा हात आठवतो, कारण तो त्यांच्या छातीच्या उंचीवर टेकलेला होता.

नंतर दुकानासमोर मावशींना गाडीच्या कोपऱ्यापुढून चालायला सांगितलं. चार पावलं त्या पूर्ण गायब. याचाही अभ्यास झालेला आहे. त्याच अमेरिकी संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं की एसयूव्ही आणि पिकअप चालवणाऱ्यांकडून वळताना पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण साध्या गाड्यांपेक्षा बरंच जास्त आहे. २०२५ मध्ये तिने शोधलेली पद्धत वापरून जुन्या आणि नव्या मॉडेलांतून चालकाला समोर दहा मीटरच्या आत किती जागा दिसते तेही मोजलं गेलं. एका लोकप्रिय एसयूव्हीच्या १९९७ च्या मॉडेलमधून ६८ टक्के दिसायची, २०२२ च्या मॉडेलमधून २८ टक्के. नाव तेच, गाडी तीच. आणि ती आपल्या या गाडीपेक्षा लहान आहे.

उंच बसल्यावर आणखी एक गोष्ट होते. वेग कळत नाही. रस्ता खाली लांब असतो, तो हळू सरकल्यासारखा वाटतो. मी माझ्या गाडीत गल्लीतून वीस-पंचवीसने जाते. या गाडीत मला तसंच वाटत असताना काटा अडतीसवर होता. दोनदा झालं. तिसऱ्यांदापासून मी काट्याकडे बघूनच गल्लीत शिरायला लागले. प्रतिक्रियेला एक सेकंद धरला तर तिसाच्या वेगात गाडी ब्रेक लागण्याआधीच आठ मीटर पुढे जाते, पन्नासच्या वेगात जवळजवळ चौदा.

माणूस दिसला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा या गाडीत आहे. दिवसा तिने एकदा माझ्या आधी ब्रेक लावला, रस्त्यात उतरलेल्या मुलासाठी. त्याबद्दल पूर्ण गुण. पण तिच्यावर विसंबून राहू नका. वर सांगितलेल्या संस्थेने २०२२ मध्येच तपासलं होतं. अशा यंत्रणेमुळे पादचाऱ्यांचे अपघात एकंदर २७ टक्क्यांनी कमी होतात, मात्र दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर आणि वळताना काहीच फरक सापडला नाही. अंधारात माणसं जास्त मरतात, आणि तिथेच ती आंधळी. आणि गाडी उभी असताना बंपरपुढे बसलेल्या मुलीला तिने ओळखलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माहितीपत्रकावर पाच तारे आहेत. ते बघूनच दिरांनी गाडी घेतली. पण त्या ताऱ्यांच्या आत काय आहे ते कोणी वाचत नाही. युरोपातली युरो एनकॅप ही संस्था १९९७ पासून पादचाऱ्यांसाठीही चाचणी घेते. मुलाच्या डोक्याचा साडेतीन किलोचा आणि मोठ्याच्या डोक्याचा साडेचार किलोचा साचा ताशी ४० किलोमीटरने बॉनेटवर आपटतात, पायाचाही साचा असतो. २०२५ पर्यंतच्या निकालांत रस्त्यावरच्या इतर माणसांसाठीचे गुण वेगळ्या टक्क्यांत लिहिलेले असायचे. गाडी घेताना तारे बाजूला ठेवून पादचाऱ्यांसाठीचे गुण बघा. चांगल्या गोष्टी जमू शकतात हेही खरं आहे. धडक बसताच बॉनेट मागून थोडं वर उचललं जातं, म्हणजे पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये दबायला जागा होते, अशी सोय काही गाड्यांत आहे. व्होल्वोने तर २०१२ मध्ये व्ही४० या गाडीत पादचाऱ्यासाठी बाहेरची एअरबॅग दिली होती. मनात आणलं तर करता येतं.

मालवाहू ट्रकांच्या बाबतीत एका शहराने मनात आणलंही आहे. बारा टनांपेक्षा जड ट्रक लंडनमध्ये चालवायचा तर चालकाला काचेतून थेट किती दिसतं यावर त्या ट्रकला तारे मिळतात. २०२१ च्या मार्चपासून किमान एक तारा किंवा सुरक्षेची जादा साधनं लागायची, ऑक्टोबर २०२४ पासून ही अट तीन ताऱ्यांवर गेली. कॅमेरा असला तरी चालकाने डोळ्यांनी बघितलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. घरगुती गाड्यांचं नाक ट्रकाच्या उंचीकडे निघालंय, मग हेच तारे त्यांनाही का लावू नयेत? युरोपात नव्या गाड्यांच्या बॉनेटची सरासरी उंची २०१० मध्ये ७७ सेंटीमीटर होती, २०२४ मध्ये जवळजवळ ८४. २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या गाड्यांत ४८ टक्के एसयूव्ही होत्या. अमेरिकेत २००९ मध्ये ४,१०९ पादचारी मेले, २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त. सगळा दोष गाड्यांच्या उंचीचा नाही. रस्ते आहेत, वेग आहे, मोबाइल आहे. पण उंची ही गाडी बनतानाच ठरते, आणि ती कमी ठेवायला कोणाची अडचण नव्हती.

विक्रेत्याकडे फोन केला होता. बॉनेटच्या कडेची जमिनीपासून उंची किती, एवढंच विचारलं. समोरच्या मुलाने नम्रपणे सगळं बघितलं. छताची उंची होती, जमिनीपासून तळाची उंची होती, डिकी किती लिटर ते होतं. बॉनेटची नव्हती. "मॅडम, हे आजवर कोणी विचारलं नाही," म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. म्हणून सांगते, टेप घेऊन जा. शोरूममध्ये गाडीपुढे उभं राहून कड कुठे येते ते मोजा, मग स्वतःची सीट लावून बसा आणि बरोबरच्या माणसाला पुढे तीन फुटांची काहीतरी वस्तू धरून मागे सरकायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

गुण द्यायचे तर आतल्या माणसांसाठी पाचपैकी साडेचार. सामानासाठी पाच. पुढून चालणाऱ्यांसाठी एक, आणि तो एक दिवसा लागलेल्या त्या ब्रेकचा.

आम्ही ही गाडी घेत नाही. मोठी डिकी हवी म्हणून स्टेशन वॅगन किंवा बुटक्या नाकाची व्हॅन बघतोय, टेप पर्समध्येच आहे. दीर परवा आले. त्यांना मी भिंतीवरच्या रेघा दाखवल्या, मग गाडीत बसवून पुतळा समोर ठेवला. ते माझ्यापेक्षा उंच, त्यांना तो साडेतीन फुटांच्या आसपास दिसायला लागला. बराच वेळ ते स्टिअरिंग धरून बसून राहिले. त्यांचा धाकटा अडीच वर्षांचा आहे. "वहिनी, समोरचा कॅमेरा बसवतो," म्हणाले. मी म्हटलं, "बसवा भाऊजी, आणि तो येईपर्यंत निघताना गाडीला पुढून एक फेरी मारत जा." कॅमेरा बसला की पुतळा घेऊन पुन्हा मोजणार आहे. जे आकडे येतील ते याच ठिकाणी खाली जोडीन.